रेस कमी, गिअर वरचा

मी, जाइरस हाचिपुका, वय एकाहत्तर, राहणार चिसेकेसीजवळचे आमचेच गाव, धंदा शेती आणि भाड्याने नांगरणी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, कान त्याहून ठिकाणावर आहेत, फक्त फुप्फुसे थकली आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. थोरली बहीण एस्नात समोर बसून शेंगा सोलते आहे, पण तिचे दडपण मला जन्मापासून आहे, ते धरू नये. आजवर लग्नाकार्यात किंवा आजारपणात मी कोणाला काही तोंडी कबूल केले असेल, तर ते सारे या लेखाने रद्द समजावे.

कलम पहिले. घर, मागची मक्याची कोठी आणि कोंबड्या माझी पत्नी मार्था हिच्या. मी गेल्यावर माझ्या कुळातले लोक रडायला येतील आणि रडता रडता पलंगावर, खुर्च्यांवर नजर फिरवतील. त्यांना मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा आणि मांस पोटभर वाढावे, आणि रिकाम्या हाताने वाटेला लावावे.

कलम दुसरे. बैलांची जोडी आणि बैलांचा नांगर माझा भाचा ओबेद, म्हणजे एस्नातचा मुलगा, याला. बैल थकले की आपणहून उभे राहतात. ओबेदच्या हाताखाली असेच काहीतरी असलेले बरे.

कलम तिसरे. लाल ट्रॅक्टर, त्याला जोडायचा गोल लोखंडी तव्यांचा नांगर, ट्रेलर आणि मक्याचे मळणीयंत्र माझी मुलगी ल्वेन्दो हिला.

हे वाचून अर्धे कूळ उठून उभे राहील, हे मला ठाऊक आहे. आमच्यात मामाची वस्तू भाच्याकडे जाते, कारण भाचा आपल्या रक्ताचा आणि मुलगी तिच्या आईच्या कुळाची. बैलांपुरते ते मी मान्य केले आहे. ट्रॅक्टर मात्र रक्त बघून चालत नाही.

ओबेद आळशी नाही. तास सरळ काढतो, दारूला शिवत नाही. पण ट्रॅक्टरवर बसला की दुसरा गिअर टाकतो आणि रेसचा दांडा शेवटपर्यंत ओढतो. काळी चिकट माती असो की ओढ्याकाठची वाळू, नांगर जोडलेला असो की मागे रिकामा ट्रेलर असो, ट्रॅक्टर बोंबलतच असतो. डिझेल जळते, इंजिन झिजते, आणि गिऱ्हाईक खूश होते, कारण आमच्या भागात नांगरणी डोळ्यांनी कोणी बघत नाही, घरात बसून कानांनी मोजतात.

शेजारी म्वीम्बाची गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. त्याच्या वाळूच्या शेतात ल्वेन्दोने गिअर वर घेतला आणि रेस खाली आणली. हा बांधावरून ओरडला, "पोरी, ट्रॅक्टर झोपलाय का? मी नांगरणी सांगितली होती, अंगाई नाही."

ती न थांबता म्हणाली, "काका, आवाजानं माती उलटत नाही. मागं तव्यांकडं बघा."

त्याने मागे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी तेच शेत ओबेदकडून पुन्हा नांगरून घेतले, साऱ्या गावाला ऐकू जाईल असे. होती नव्हती ती ओल उडाली, आणि त्या वर्षी त्याचा मका गुडघ्याच्या वर गेला नाही. अजूनही तो दोष बियाण्याला देतो. म्वीम्बाचे शेत नांगरू नये असे मी लिहीत नाही. सगळ्यांचे झाल्यावर नांगरावे.

कलम चौथे. ट्रॅक्टरबरोबर त्याची रीतही ल्वेन्दोला देत आहे. ती तिला येते, पण पुढे तिच्या हाताखाली कोण बसेल त्याच्यासाठी लिहितो. काम हलके असेल तर गिअर वरचा आणि रेस कमी. मग दांडा एकदम थोडा ओढून पाहावा. इंजिनाने चटकन वेग उचलला तर गिअर बरोबर. ते कण्हले आणि काळा धूर टाकू लागले तर ओझे जास्त आहे, तेव्हा लाज न बाळगता एक गिअर खाली यावे. डिझेल वाचवायचे म्हणून इंजिन गुदमरवणे हे त्याला बोंबलायला लावण्याइतकेच पाप आहे. मळणीयंत्र जोडल्यावर मात्र आपली हुशारी बाजूला ठेवावी. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मळणीच्या खुणेवर आणावा आणि तिथेच ठेवावा. खाली गेला तर दाणे कणसालाच राहतात, वर गेला तर फुटतात. काम संपल्यावर रेस पूर्ण खाली आणून इंजिन थोडे शांत होऊ द्यावे, मग बंद करावे. आमच्या चर्चमध्ये शनिवार देवाचा. त्या दिवशी ट्रॅक्टर उभा राहील, मग माझे प्रेत का खोळंबेना.

कलम पाचवे. माझी बहीण एस्नात हिला काहीही नाही. कोंबडीचे पिल्लू नाही, घोंगडी नाही.

हे मोठ्याने वाचले तेव्हा तिचा हात थांबला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, ताई. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं मिळणं जातं. तू साक्षीदार हवीस, म्हणून तुला मोकळं ठेवलंय."

माझा हिशेब सरळ होता. मला पुरून आल्यावर कूळ झाडाखाली बसेल. ओबेदच्या आईचाच अंगठा कागदावर दिसला तर कोणाची जीभ उचलणार नाही. अंगठा नसेल तर ल्वेन्दोच्या हातात कागद राहील आणि ओबेदच्या हातात किल्ली.

"माझ्याच अंगठ्यानं माझ्या मुलाचा हक्क काढायचा," ती म्हणाली.

"हो."

"त्याला सांगितलंस?"

"वाचून दाखवतील तेव्हा कळेल."

"म्हणजे तू मेल्यावर. आणि तेव्हा त्याचं तोंड बघायला मी. जाइरस, जन्मभर लोकांना तोंडावर सुनावत आलास, आणि एवढं एक कागदाला सांगतोस? आधी त्याला सांग, मग अंगठा माग."

तिने शेंगांची टोपली उचलली आणि दारात जाऊन बसली. लेखन इथे थांबवले.

पुढचा मजकूर त्याच दिवशी संध्याकाळी लिहिला. ओबेदला बोलावले. चर्चचे ज्येष्ठ सियामुंगा साक्षीसाठी आलेच होते, त्यांच्यादेखत कलम तिसरे त्याला पूर्ण वाचून दाखवले, बोंबलण्यासकट. संपल्यावर त्याने टोपी काढून हातात घेतली.

मग म्हणाला, "मामा, ल्वेन्दोला शिकवताना तुम्ही मडगार्डवर बसायचात. तिचा हात दांड्यावर आणि तुमचा हात तिच्या हातावर. मला तुम्ही बांधावरून ओरडून सांगितलंत. फुल रेसमध्ये मला ते कधी ऐकू आलं नाही."

कान ठिकाणावर आहेत असे मी वर लिहिले आहे, म्हणून हे ऐकले. मला फार वाईट वाटले, आणि तेही लिहून ठेवतो. कलम तिसरे बदलत नाही. ट्रॅक्टर ल्वेन्दोचाच, कारण जमीन आणि इंजिन माझ्या वाईट वाटण्यावर चालत नाहीत.

कलम सहावे, नव्याने घातलेले. ल्वेन्दोच्या ट्रॅक्टरवर नांगरणी करण्याचा पहिला मान ओबेदचा राहील, आणि हे ल्वेन्दोला विचारून लिहिले आहे. उद्या सकाळी मला उचलून मडगार्डवर बसवावे, तोल जात असेल तर दोरीने बांधावे. एस्नातच्या शेतापासून सुरुवात करू. ओबेदचा हात दांड्यावर आणि माझा हात त्याच्या हातावर राहील. माझा हात गळून पडला की तिथे ल्वेन्दोने बसावे.

हे वाचून दाखवल्यावर एस्नात दारातून उठून आत आली.

लिहून देणार: जाइरस हाचिपुका (सही)

साक्षीदार: पी. सियामुंगा, चर्चचे ज्येष्ठ (सही)

साक्षीदार: एस्नात चिलाला, ओबेदची आई (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम चिसेकेसी, १४ नोव्हेंबर २०१९