नाल्यावरचा मोह, टेकडीवरचा मोह

चेन्नई, २० मे २०२४

तीर्थरूप बाबांना कुंदाचा सेवा जोहार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आज संगणक-सुरक्षेचा वर्ग पहिल्यांदाच मी घेतला. सिद्धान्त असा की, गुपित न सांगताही ते आपल्याला ठाऊक आहे, हे समोरच्याला पटवता येतं.

उदाहरण आईचं दिलं. नाल्यावरच्या आणि टेकडीवरच्या झाडाची मोहफुलं ती डोळे मिटून ओळखायची. तुम्ही पाठीमागे मुठी बदलून वीसदा विचारलं, ती एकदाही चुकली नाही. तुम्ही म्हणालात, "मानलं बाई तुले! पण ओळखते कशी?"

"थे सांगतलं तं मंग मले कोन विचारते?"

मुलं हसली. मग फळ्यावर शेवटची ओळ लिहिली : पाहणाऱ्याची खात्री पटते, गुपित मात्र त्याला कळत नाही. 

बाबा, जाण्याआधी तिने तुम्हाला कधी सांगितलं का? आठवलं तर कळवा. गुडघा कसा आहे?

आईच्या कार्यानंतर तुम्ही दिलेल्या मोहफुलांच्या दोन्ही पुरचुंड्या खोलीवर येऊन डोळे मिटून हुंगल्या. मला फरक कळला नाही. मिसळू नयेत म्हणून नाल्यावरचीला लाल दोरा बांधला आणि भात लावला.

तुमची,
कुंदा