अंगठ्याला लागलेली लांबी

कोल्हापूर, मार्च १९७४, शनिवार. दिवेलागण झाली.

अंगठ्याच्या नखातली लांबी, भोकं बुजवायचा तो लगदा, निघतच नाही. रॉकेलनं घासली, तरी आहेच.

आज कारखान्यात एका नव्या पंपाच्या ओतीव बिडात भोक निघालं. गणपा मिस्त्री म्हणाले, "लांबी भर आन् रंग मार की! रंगाखाली कोण बघतंय?" सगळेच मारतात. मीही मारला. वरून इतका गुळगुळीत झाला की माझं मलाच कौतुक वाटलं.

आत्ता घरच्या प्रार्थनेला बसलो. रोजच्यासारखं म्हणायला गेलो, "प्रभू, आमच्या हातच्या कामानं तुझं गौरव होवो," आणि जोडलेल्या हातांवर तोच अंगठा! पुढचं तोंडातून निघेना. शेवटी शांतानंच आमेन म्हटलं. "अहो, बरं वाटत न्हाय का?" बायकोला काय सांगणार?

पंप उद्या सकाळीच ट्रकात चढणार. कुणाच्या तरी विहिरीवर बसणार आणि ऐन उन्हाळ्यात फुटणार. तो माणूस मला ओळखतही नसेल. पण मला माहीत आहे ना?

कारखान्याची सुट्टी सोमवारची. रविवारची सकाळ मी मालकांशी भांडून उपासनेसाठी मागून घेतलेली. आता तीच सकाळ कारखान्यात घालवू? ट्रक भरायच्या आत जाऊन रंग खरवडायचा, भोक मालकांना दाखवायचं. मिस्त्री शिव्या घालतील. घालू देत. कामावरून काढलं तर? तेही होईल.

आणि चर्चमध्ये माझी जागा रिकामी दिसली की पाळकसाहेब नंतर विचारणारच, "रविवारी कुठं होता?"

कारखान्यात, उपासनेलाच गेलतो, म्हणू?