कोंढ्याची वर्गणी

पुणे,
१४ ऑगस्ट २०२३

ती. वीरेंद्रदादास,
सप्रेम जय भीम वि. वि.

हातात फोन असताना पत्र काहून, असं तू विचारशील. तुझा फोन खाटेवर स्पीकर लावून पडलेला असतो आणि बाजूला माय बसलेली असते. मी नुसती शिंकले तरी पुण्याची हवा पोरीला मानवत नाही असं तिचं सुरू होते. काही गोष्टी फक्त तुला सांगायच्या आहेत, म्हणून हे.

मला ती नोकरी लागली. 'उभारी' नावाचा एक न्यास आहे. ज्यांच्या घरात कोणाचा मणका मोडून पाय गेले, अशा माणसांनीच तो काढला. लोक वाढदिवसाला देतात, कोणी वडिलांच्या आठवणीत देतात, आणि त्यावर आमची प्रयोगशाळा चालते. मज्जारज्जू तुटला की डोक्याचा निरोप पायापर्यंत पोचत नाही, हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आमचे सर त्या तुटलेल्या जागी एक लेप भरतात. त्यातून नसा पुन्हा वाढाव्यात अशी आशा. सध्या हे उंदरांवर चाललंय. त्यांना खाऊ घालणं, पोट दाबून त्यांची लघवी काढणं आणि कोणाचा पाय हलला तर लिहून ठेवणं, एवढं माझं काम. तुझ्याजवळ शिकले होते, ते इथं साठ जणांचं करते. खरं तर अर्जात गुरू म्हणून तुझंच नाव टाकायला पाहिजे होतं.

परवा सतरा नंबरच्या उंदरानं मागचा पाय उचलला आणि नीट टेकवला. मी तिथंच रडायला लागले. सरांनी मला बाहेर पाठवलं आणि म्हणाले की चहा पिऊन ये आणि मग पुन्हा मोज. माणसांपर्यंत यायला दहा वर्षं तरी लागतील, कदाचित कधीच येणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दादा, हे वाक्य दोनदा वाच.

दर दोन तासांनी कूस बदलत जा. रीतावहिनीला जय भीम. मायला यातलं काही सांगू नको.

तुझी लाडकी आणि तितकीच कटकटी बहीण,
खुशबू


कोंढा,
२ सप्टेंबर २०२३

चि. खुशबूस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

मायले सांगू नको म्हणालीस, पण पत्र तिनंच पोस्टमनच्या हातून घेतलं आणि रीताकडून वाचून घेतलं. आता ती बोअरिंगवर, दळणाच्या चक्कीवर, सगळीकडे सांगून राहिली की माही पोरगी वीरेंद्रच्या पायाचं औषध बनवते. दहा वर्षांचं वाक्य रीतानं दोनदा वाचलं. मायनं एकदाही ऐकलं नाही.

त्या उंदराचा पाय किती हलला, ते नीट लिही. बोटं हलली का गुडघाही? व्हिडिओ असेल तर पाठव.

येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. लोक टॉवरवरून पडतात, विहिरीत पडतात. मी धानाचे भारे रचता रचता पुंजण्यावरून घसरलो, दहा फुटांवरून. खाली बंडीचं जू आडवं होतं, त्यावर पाठ आदळली. पाच मिनिटं मी हसतच होतो. उठून पाहातो तर उठताच येईना. आताही कोणी विचारलं तर मले त्या पडण्याची लाजच वाटते, एवढं ते साधं होतं.

रीता दहा ते तीन अंगणवाडीत जाते. तेवढ्या वेळात कूस बदलायची म्हणजे माय आणि मी, अन् मायचा खांदा आता वर जात नाही. पहिल्या वर्षी घेतलेली स्वस्तातली हवेची गादी उन्हाळ्यात फुटली. विहारातली मंडळी वर्गणी करून राहिली आहेत, मोटरवाली चांगली गादी, चाकाची खुर्ची आणि संडासापर्यंत उतार यांच्यासाठी. सचिन घरोघर फिरून राहिला. तुह्या वर्गातला सचिन, तोच, ज्याले तू पाटीनं मारलं होतंस.

जेवत जा. लोभ वाढता असू दे.

तुझा,
वीरेंद्रदादा


पुणे,
२१ जानेवारी २०२४

ती. दादास,
सप्रेम जय भीम वि. वि.

आज न्यासाच्या वार्षिक कार्यक्रमात देणगीदारांची नावं वाचून दाखवली. कंपन्या झाल्या, डॉक्टर झाले, आणि मग आलं 'समस्त ग्रामस्थ, कोंढा, तालुका पवनी'. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सरांनी मला उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं की ही त्या गावची मुलगी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्यासाच्या अध्यक्षबाई स्वतः चाकाच्या खुर्चीवर असतात. त्या चाकं ढकलत माझ्यापर्यंत आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की एवढ्या लहान गावानं एवढं दिलं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दादा, ती तुझ्या गादीची वर्गणी होती ना?

लगेच लिही.

खुशबू


कोंढा,
९ फेब्रुवारी २०२४

चि. खुशबूस,
अनेक आशीर्वाद.

हो, तीच होती.

तू पाठवलेला व्हिडिओ मी विहारात दाखवला. पोरांनी खाटेसकट उचलून नेलं मले. चाळीस माणसं एका फोनवर वाकून पाहून राहिली होती. उंदीर पाय टाकते, थांबते, पुन्हा टाकते. मंडळी घरी गेल्यावर सचिन अन् वर्गणी सांभाळणारे सोमाजी काका तेवढे थांबले. मग मी म्हणालो, हे पैसे गादीले घालू नका, तिकडे पाठवा. सोमाजी काका म्हणाले की बाबू, आधी तुहं पाहा. मी म्हणालो की मीही तेच पाहून राहिलो.

आता तुले खरं सांगतो. गादी आली असती तर मी आरामात झोपलो असतो. आरामात झोपायची मले भीती वाटते. खुर्ची आली, उतार झाला, गादी आली की सगळं घर म्हणेल, चला, वीरेंद्रचं लागलं मार्गी. मग मी असाच राहीन, आणि कोणाले त्यात काही चुकलं असं वाटणार नाही. तो उंदीर चालला तवापासून मी सकाळी उठल्यावर आधी पायाकडे पाहतो. दोन वर्षं मी पायाकडे पाहिलंच नव्हतं.

रीताले अन् बाकी गावाले वाटते की वर्गणी कमी पडली म्हणून मंडळींनी ती पुढच्या सालावर ढकलली. सचिन आणि सोमाजी काकांनी गप्प राहायचं कबूल केलं आहे. तूही राहा. माही शपथ आहे तुले.

तुझा,
वीरेंद्र


पुणे,
२० जून २०२४

ती. दादास,
सप्रेम जय भीम वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. इथं काम खूप आहे. सगळं ठीक सुरू आहे. सतरा नंबर मजेत आहे, जाड झालाय. तुझ्याकडे धानाचे पऱ्हे टाकून झाले का? यंदा रोवणीला माणसं मिळतात का? वहिनीचं मानधन वाढणार होतं त्याचं काय झालं?

मायला सांग की मी दूध पिते.

तुझी,
खुशबू


कोंढा,
१८ ऑगस्ट २०२४

चि. खुशबूस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुह्या मागच्या पत्रात उंदरांची एकच ओळ होती. पहिले पानभर असायची. कामात असशील, मी समजतो. तरी फुरसतीनं लिही, मी वाट पाहून राहिलो.

माकडहाडाजवळ एक बेडसोर झाला आहे. रुपयाएवढा आहे. दुखत नाही, मले तिथं काहीच दुखत नाही, म्हणून तर कळलं उशिरा. रीतानं वास आल्यावर पाहिलं. पवनीचा डॉक्टर रोज ड्रेसिंग करा म्हणाला आणि गादी काहून घेतली नाही म्हणून रीताले रागावला. घरी येऊन तिनं जुन्या साड्यांच्या चार घड्या माह्याखाली घातल्या आणि अंगणवाडीतून महिनाभराची सुट्टी मागितली. तिले मिळाली नाही.

मी तिच्या तोंडाकडे पाहू शकत नाही. पण तुह्या सरांचं काम पुढं गेलं असेल तर हे सगळं चालून जाईल. किती पुढं गेलं तेवढं लिही.

तुझा,
वीरेंद्र


पुणे,
६ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

हे पत्र मी पाच वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

काम बंद होतंय. दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी आमचाच लेप, आमच्याच पद्धतीनं वापरून पाहिला. त्यांचा एकही उंदीर चालला नाही. आमच्याकडे पुन्हा साठ घेतले, त्यातले तीन हलले, आणि तेवढे लेप न लावताही हलतात. सतरा नंबरचा मज्जारज्जू बहुतेक पूर्ण तुटलाच नव्हता. तो आपोआप बरा झाला होता. सरांनी काही लपवलं नाही. न्यासाच्या बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. अध्यक्षबाई म्हणाल्या की हेही कळायला पाहिजेच होतं, आणि उरलेला निधी दुसऱ्या कामाला देऊ. त्या असं म्हणू शकतात. त्यांच्याकडे गादी आहे.

सतरा नंबर एप्रिलमध्येच मेला. त्याचा मणका मीच तपासणीला दिला होता. मे महिन्यापर्यंत मला सगळं माहीत झालं होतं. जूनचं पत्र खोटं होतं.

तुझ्या शपथेमुळे मी वहिनीला सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावत होते. ते अर्धंच खरं आहे. त्या टाळ्या मला आवडल्या होत्या. आपल्या गावानं माझ्या कामाला पैसे दिले, हे मला चार लोकांत सांगायचं होतं.

माझ्या पगारातून गादी मागवली आहे. आठ दिवसांत पोचेल. लगेच वापर. वहिनीला तू सांग, नाहीतर मी येऊन सांगते.

तुझी,
खुशबू


भंडारा,
३ ऑक्टोबर २०२४

चि. खुशबूस,
आशीर्वाद.

दवाखान्यात पालथा झोपून लिहून राहिलो, अक्षर समजून घे. गादी आली त्याच्या आदल्या दिवशी मले ताप चढला. जखम हाडापर्यंत गेली. ती गादी घरी खोक्यातच आहे.

रीताले मी काल सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग पाणी भरायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

तुह्यावर राग नाही म्हणालो तर खोटं होईल. उंदीर चालला नाही याचा राग नाही. ते काही तुह्या हातात नव्हतं. तू मले एवढा बिचारा समजलीस की खरं सांगायच्या लायकीचाही ठेवला नाहीस, त्याचा आहे. गावानं मले बिचारा समजून पैसे दिले होते. मी ते एका कामाले दिले, तेव्हा पहिल्यांदा मी कोणाले तरी काही देणारा माणूस झालो होतो. जूनपासून तू मले पुन्हा खाटेवर आणून ठेवलंस, अन् मले कळूही दिलं नाही.

तरी पण लिहीत जा. इथं छताकडेही पाहता येत नाही, नुसती फरशी दिसते.

वीरेंद्र


कोंढा,
१२ डिसेंबर २०२४

चि. खुशबूस,
जय भीम.

हे गेल्यावर पुण्यानुमोदनासाठी तू चार दिवस होतीस आणि मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. चहा ठेवला तोही आईंच्या हातून. लोकांनी पाहिलं, तूही पाहिलंस. तोंडानं बोलले असते तर थांबता आलं नसतं, म्हणून लिहिते.

जंतू रक्तात गेले, असं डॉक्टर म्हणाले. शेवटचे आठ दिवस ह्यांना नीट बोलताच येत नव्हतं. एकदा शुद्धीवर आले तेव्हा मी विचारलं की मला काहून नाही सांगितलं. ते म्हणाले की तू नाही म्हटलं असतंस. मी म्हटलंच असतं. तीन वर्षं मी त्यांना उचललं, धुतलं, कुशीवर फिरवलं. माझ्या हाताखाली त्यांची कातडी जात होती, आणि ती कशानं वाचेल हे चार माणसांना ठाऊक होतं. त्या चारांत मी नव्हते. मी कमी पडले, असंच मी समजत राहिले. डॉक्टर मला रागावला तेव्हाही.

ते गेले याबद्दल तुला दोष देत नाही. तेही तितकेच हट्टी होते. पण मला त्या माणसावर रागावायचं होतं आणि ते करायला तो राहिला नाही, म्हणून सगळं तुझ्याकडे येते.

आता ज्यासाठी लिहिते ते. आईंना काम बंद पडलं हे कोणी सांगितलेलं नाही. पोराला नाही तर दुसऱ्या कोणाच्या लेकराला औषध लागेल, असं म्हणून त्या दिवस काढतात. परवा अड्याळच्या बाजारात त्यांना मालनबाई भेटली. तिची एकोणीस वर्षांची मुलगी स्कूटीवरून पडली, कमरेखालून सगळं गेलं. आईंनी तिला आपल्या गावानं काय केलं ते सांगितलं. काल मालनबाई घरी आली. तिनंही अड्याळला वर्गणी सुरू केली आहे, तुमच्या न्यासाला पाठवायला. मी म्हटलं की बाई, आधी पोरीचं पाहा, पाठीखाली काय आहे ते पाहा. तिला वाटलं मी जळते. माझा नवरा गेला, म्हणून तिची पोर उठू नये असं मला वाटते, असं ती आईंना बोलली. आईंनीही मान हलवली.

माझं कोणी ऐकणार नाही. तुझं ऐकतील, कारण तू तिथली. तर ये, आणि अड्याळच्या त्या बाईला तिच्या पोरीसमोर बसून सांग, मग घरी येऊन आईंना सांग. आई त्यानंतर कशाच्या जोरावर उठतील, मला माहीत नाही. तुलाही माहीत नसेल. तरी सांगावंच लागेल, आणि तेव्हा मी बाजूला बसेन, एवढं कबूल करते.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. माझा तुझ्यावर आहे की नाही, ते आता मलाच सांगता येत नाही. तू मात्र ये.

रीता