ब्लाजोच्या आजोबांचं पिस्तूल अजून तयार का नाही

न्येगुशी,
ऑक्टोबर संपता संपता

माझ्या लाडक्या आणि तापट ब्लाजो,

तुझ्या घरी सगळे धडधाकट असोत, रादमिला वहिनींची कंबर ताळ्यावर असो, तुझ्या लेकाच्या, बाल्शाच्या, अंगावर नवरदेवाला शोभेल इतपत मांस चढलेलं असो आणि रियेका बंदराच्या त्या दमट हवेत तुझा दमा गप्प बसलेला असो, असं या डोंगरावरून तुझ्या मिराशचं देवाला रोजचं साकडं आहे. माझं विचारशील तर बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण त्याची मी दखल घेत नाही. चष्मा लागलाय. (लांबचं अजून स्वच्छ दिसतं, जवळचंच दिसत नाही. आणि जुनी पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्याला लांबचं दिसून करायचंय काय?)

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा खिडकी उघडून बसावं लागलं, इतकं ते गरम होतं. तुझे प्रश्न दोनच आहेत. आजोबांचं पिस्तूल कुठं अडकलंय, आणि बाल्शाच्या लग्नात मी कूम म्हणून उभा राहणार की नाही. तू तर ठरवूनच टाकलंस की नोव्हेंबरातला मित्रोव्दानचा सण झाला की लगेच लग्न, आणि कूमने तेच पिस्तूल कमरेला खोचून वरातीच्या पुढे चालायचं. कूम हो म्हणून कुणी विचारलं आणि माणूस गप्प बसला, तर ते थोबाडीत दिल्यासारखं असतं हे मला कळत नाही का? उन्हाळाभर मी गप्प आहे, म्हणजे उन्हाळाभर तुला मारतोच आहे. पण जरा विचार कर. कूम म्हणजे नवरदेवाचा साक्षीदार म्हणून नुसती मेणबत्ती धरून उभं राहणं नव्हे. एकदा कूम झालो की तुझं घर ते माझं घर, तुझी आई ती माझी आई, तुझी बहीण ती माझी सख्खी... असो. आधी पिस्तुलाचं सांगतो.

मागच्या हिवाळ्यात तुझी बहीण यागलिका ते पिठाच्या पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आली. तुझ्या आजोबांनी ते तुर्कांवर रोखलं होतं याबद्दल मला आदरच आहे, पण तुझ्या वडिलांनी त्याच पिस्तुलाच्या मुठीनं आयुष्यभर अक्रोड फोडले, हे तू पत्रात कधी लिहिलं नाहीस. हाडाची मूठ चिरली होती. घोडा आणि चाप गंजून एकमेकांना असे चिकटले होते की कुठला कुठं संपतो ते कळेना. गोळ्यांचं चक्र फिरायला तयार नाही. नळीत कोळ्यानं संसार थाटलेला. (सहकुटुंब. मी त्यांना काडीनं अलगद बाहेर काढलं, यागलिका बघत होती म्हणून.) ती म्हणाली, "मिराश, ब्लाजोला ते नवंकोरं हवंय. जमेल का तुला?" मी छाती काढून म्हटलं, "नवंकोरं? कारखान्यातून कालच आलंय असं वाटेल. पुढच्या आठवड्यात येऊन बघ." माझं सगळं बिघडलं ते इथं. कारण पुढच्या आठवड्यात ती खरंच आली.

आता हे काम कसं चालतं ते तुला माहीत नाही, कारण तू जहाजं बांधतोस आणि तिथं सगळं हातोड्यानं होतं. पिस्तूल आधी रॉकेलमध्ये भिजत ठेवायचं. मग एकेक स्क्रू असा सोडवायचा की त्याला कळता कामा नये. गंज तेलानं आणि तारेच्या बारीक काथ्यानं उतरवायचा, ओरखडा न पाडता. आणि लोखंड चांदीसारखं लख्ख निघालं की त्यावर मुद्दाम पुन्हा गंज चढवायचा! औषध लावून टांगून ठेवायचं, लालसर झालं की पावसाच्या पाण्यात उकळायचं, घासायचं, की खाली निळसर काळा रंग राहतो. असं पुन्हा पुन्हा, तो रंग आत मुरेपर्यंत. हे ऐकून यागलिका इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. म्हणाली, "म्हणजे गंज काढायचे पैसे वेगळे आणि चढवायचे वेगळे लावतोस का रे तू?" पण मग तिनंच बाह्या सरसावल्या आणि घासायला ब्रश हातात घेतला. तिच्या विहिरीतलं पावसाचं पाणीही आणू लागली, कारण माझ्या हौदात बेडूक पडला होता. (पडला होता म्हणजे, असतोच. त्यानं आजवर कुठल्याही पिस्तुलाचं काही बिघडवलेलं नाही.)

मग मुठीचा प्रश्न आला. मुठीला बैलाच्या नळीचं हाड लागतं, जाड आणि पांढरं, आधी उकळून स्वच्छ केलेलं. यागलिका म्हणाली, उकळायचंच आहे तर रस्सा तरी करू. केला. तुमच्या आईच्या हातचा असायचा तसाच, वर ओव्याच्या पानांसारखी ती डोंगरावरची पानं टाकून. मी दोन वाडगे जेवलो आणि हाड उजेडात धरून म्हणालो, नाही, याला बारीक चीर आहे. पुढच्या वेळचं हाड पिवळट निघालं. त्याच्या पुढचं पोकळ. असा रस्सा मी किती दिवस जेवलो म्हणून सांगू! इतक्या वर्षांत माझ्या घरात दोन वाडगे कधी एका वेळी मांडले गेले नव्हते. ती गेल्यावर मी वाडगे लगेच विसळत नसे. हे तुला कशाला सांगतोय कुणास ठाऊक, हाडाचा विषय होता.

आणि आता तो दिवस, ज्याची बातमी तुझ्यापर्यंत कुणाकडून तरी तिखटमीठ लावून पोचलीच असणार. पिस्तूल जोडून झालं होतं. बार काढून बघायचा तो मी नेहमी मागच्या दरीत. पण यागलिका चीज आणि गरम भाकरी घेऊन अंगणात बसली होती, मला शहाणपणा सुचला, आणि मी तिथंच, घरासमोर, आभाळाकडे नळी करून चक्राची सगळी घरं रिकामी केली. काय आवाज होता, ब्लाजो! आजोबांना वर ऐकू गेला असेल. पण त्यांच्या आधी तो पलीकडच्या म्हाताऱ्या वूकोटाला ऐकू गेला. आता एकट्या पुरुषाच्या अंगणातून भरदिवसा असे बार निघाले तर आपल्या लोकांनी काय समजायचं? लग्न ठरलं, दुसरं काय! वूकोटानं रीतीप्रमाणे आपल्या बंदुकीनं उत्तर दिलं, त्याला वरच्या आळीनं दिलं, आणि बघता बघता सगळी दरी दणाणून गेली. शेजारची गोस्पावा रकिया दारूची बाटली आणि सुके अंजीर घेऊन धावत आली. "मेल्या मिराश, कुणाला पटवलंस?" असं म्हणत दारातून आत शिरली आणि तिला भाकरी कापत बसलेली यागलिका दिसली.

मी तोंड उघडलं. नुसती चाचणी होती, एवढं म्हणायचं होतं. वूकोटा तोवर माझे तीनदा मुके घेऊन रडायला लागला होता. यागलिका कानापर्यंत लाल झाली, मग उठली आणि म्हणाली, "ग्लास कमी पडतायत." आणि आत जाऊन माझ्या कपाटातून ग्लास घेऊन आली, कुठं आहेत ते मला न विचारता.

लोक पांगल्यावर ती ओढणी नीट करून म्हणाली, "ब्लाजोला काय कळवायचं ते तू कळव." आणि गेली. त्या दिवसापासून ती वर आलेली नाही. तिचं बरोबर आहे, लोकांची तोंडं कोण धरणार? मी सकाळी अंगणात उभा राहून तिच्या धुराड्यातून धूर निघतो का ते बघतो. (म्हटलं ना, लांबचं मला स्वच्छ दिसतं.) धूर निघाला की कामाला लागतो. मला तिची फार आठवण येते, ब्लाजो. हाकेच्या अंतरावर राहते आणि परदेशी गेलेल्या माणसासारखी आठवण येते.

वहिनींना नमस्कार, बाल्शाला पाठीत एक धपका. तुझ्यावर कधीही न रागावणारा,

मिराश

ता. क. पिस्तूल खरं म्हणजे मे महिन्यातल्या ग्यूर्गेव्दानच्या सणालाच तयार झालं होतं. नंतर रंग मी दोनदा उतरवून पुन्हा चढवला. पहिलं हाडही चांगलं होतं. तशी चीर फक्त मला दिसते.

आणखी एक. मला तुझा कूम होता येणार नाही. कूमच्या बहिणीला मागणी घालता येत नाही, आणि मला घालायची आहे. ती घालतोच आहे, याच ओळीत. दुसरं मोठं माणूस तिच्या घरात नाही, म्हणून तुलाच विचारतो. कूम म्हणून वूकोटाला उभा कर, रडायची त्याची तयारी आहेच.

आणि शेवटचं. तुझं उत्तर "नाही" असेल तर मी तक्रार करणार नाही. लग्नाला येईन, कूम म्हणून मेणबत्ती धरीन, पिस्तूल खोचून वरातीपुढे चालेन आणि चारचौघांत तिला बहीण म्हणेन. फक्त एवढं कर. इथल्या तुमच्या घराच्या माळ्यावर एखादं जुनं हत्यार पडलं असेल, तलवार, संगीन, काहीही, तर ते दुरुस्तीला तिच्याच हाती वर पाठव. जितकं जास्त गंजलेलं सापडेल तितकं बरं.