दिलेली मुलगी

सँ-प्रिम, दि. २ ऑक्टोबर १८७९

सौ. क्लारिसवन्सं यांस,

एक्झिल्दाचा सा. न. वि. वि. तुमच्या भावाची प्रकृती ठीक, मुलं ठीक. डिसेंबरात अकरावं येतं आहे. एवढं सांगितलं की माझ्या प्रकृतीचं सगळं सांगून होतं.

ओट कापून आत घेतले. वाटाणा बरा झाला. आगीत जळलेल्या माळावर यंदा ब्लूबेरी एवढी पिकली की मुलांचे दात महिनाभर निळे होते. म्हणजे त्या आगीनंसुद्धा नऊ वर्षांनी काहीतरी परत दिलं. आता तुम्ही द्या.

रोझानाचं लग्न ठरलं आहे. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागण्याआधी, फेब्रुवारीत उरकायचं. आमची थोरलीच ती; ती गेली की माझ्या हाताशी कळती मुलगी उरत नाही. देलिमा आता बारा वर्षांची आहे, चर्चमध्ये तिचं पहिलं कम्युनियन झालं आहे, म्हणजे ती कळती झाली. घर जळलं तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि आम्ही तिला तुमच्याकडे एका हिवाळ्यापुरती ठेवली होती. तो हिवाळा नऊ वर्षं चालला. आता तो संपला असं समजावं. बर्फ बसून रस्ता घट्ट झाला की तिला पाठवा.

लोभ वाढवा असं म्हणत नाही. माझी मुलगी पाठवलीत तरी पुरे.

आपली,
एक्झिल्दा


सँ-तिरेने, दि. २६ ऑक्टोबर १८७९

चि. सौ. एक्झिल्दास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा नमस्कार जेवढ्या मनापासून होता तेवढ्याच मनापासून आहेत.

‘एका हिवाळ्यापुरती’ हे तुला कधी सुचलं? ओविद तिला घोंगडीत गुंडाळून इथे घेऊन आला तेव्हा पोरीच्या अंगावर एकच झगा होता आणि त्यालाही धुराचा वास येत होता. तो म्हणाला, अक्का, तुझ्या घरी पाळणा हलला नाही आणि आमच्याकडे छप्पर उरलं नाही, ही तुझी. माझा नवरा तेलेस्फोर याला साक्षी आहे. ज्या घरात लेकरू नाही तिथे भावाबहिणीनं आपलं एक द्यावं, ही आपली जुनी चाल. आणि दिलेलं परत मागायचं नाही, हीही. लग्नाआधी तू शाळेत मास्तरीण होतीस ना? मुलांना धडा अर्धाच शिकवायचीस का?

तिला गोवर आला, डांग्या खोकला झाला, एकदा ती विहिरीशी घसरून हात मोडून बसली. या नऊ वर्षांत तुझी सात पत्रं आली. पाच पत्रांत तिचं नाव शेवटच्या ओळीत होतं, दोनांत नव्हतंच. आता रोझाना जाणार म्हटल्यावर पहिल्या पानावर आलं. तुला मुलगी नको आहे, मोलकरीण हवी आहे. तुमच्या त्या जंगलात मोलकरीण मिळत नसेल तर त्याला मी काय करू?

तेलेस्फोर मला म्हणतो, इतकं कडू लिहू नकोस. त्याला तुझं पत्र वाचायला दिलं. मग त्यानंच दौतीत शाई भरून दिली.

तुझ्या बाकीच्या नऊ जणांवर लोभ ठेव. अकराव्याचं सुखरूप होवो.

क्लारिस


सँ-प्रिम, दि. २३ नोव्हेंबर १८७९

सौ. क्लारिसवन्सं यांस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र ओविदला वाचून दाखवलं. सगळं नाही, त्याला बहीण एकच आहे.

त्याला विचारलं, ‘ही तुझी’ असं म्हणाला होतास का? म्हणतो, म्हणालो असेन. पाच दिवस गाडी हाकून पोटात काही नव्हतं आणि अक्कानं वाटाण्याच्या सूपाचं वाडगं पुढे ठेवलं होतं. त्या सूपासमोर तो घोडीसुद्धा देऊन बसला असता. भुकेल्या माणसाच्या तोंडचा शब्द धरून तुम्ही नऊ वर्षं बसलात.

मोलकरीण म्हणालात. इथे प्रत्येक घरातली प्रत्येक मुलगी राबते आणि मी सगळ्यांत जास्त राबते. आमच्यात ते हिणवायचं काम नाही. तुमच्याकडे ती काय बसून खाते? तुमचे माग कोण चालवतं ते मला माहीत आहे.

हे भांडण टपालानं मिटायचं नाही. ओविद वर्षअखेरीला सँ-उर्बँच्या रस्त्यानं तिकडे येतो आहे. मला येता येणार नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. नववर्षाच्या सकाळी तो तुमच्या घरी असेल. सख्ख्या भावाला दार लावून घेणार नाही अशी आशा आहे. गाडीत अस्वलाचं कातडं घातलं आहे. येताना एकाला, जाताना दोघांना पुरतं.

तुमचा लोभ तुमच्यापाशीच असो.

एक्झिल्दा


सँ-तिरेने, दि. ३ जानेवारी १८८०

चि. सौ. एक्झिल्दास,

आशीर्वाद. मुलगा झाला असेल तर अभिनंदन. मुलगी झाली असेल तर तिला कोणाला देऊ नकोस.

हे पत्र ओविदच्या खिशातून येईल. तो एकटा येईल. त्याच्यावर ओरडण्याआधी हे वाच.

तुझा डाव त्यानं पहिल्याच जेवणात सांगून टाकला. लहानपणापासून त्याच्या पोटात काही राहत नाही. नववर्षाच्या सकाळी लेकरं बापापुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागतात. तू त्याला पढवून पाठवलंस की तेलेस्फोरच्या आधी जाऊन खोलीच्या मधोमध उभा राहा. रक्ताचा बाप समोर असताना पोरगी दुसऱ्यापुढे वाकणार नाही. डोक्यावर हात ठेवलास की तिला उठव आणि गाडीत बसव. आशीर्वाद घेतल्या दिवशी बापाचा शब्द मोडणारी पोर आपल्यात जन्मलेली नाही. डाव चांगला होता. माझ्याकडे त्याला तोड नव्हती. खरं सांगते, मी तिच्या कपड्यांची पेटी बांधून ठेवली होती.

तिला मी एक शब्द शिकवला नाही. क्रूसावर हात ठेवून लिहिते. विश्वास ठेवायचा तर ठेव.

आदल्या संध्याकाळी तिनं ओविदला एवढंच विचारलं होतं की, रोझानाचं लग्न ठरलं नसतं तर तुम्ही मला न्यायला आला असता का? त्याला खोटं बोलता येत नाही. तो पाईपमधली राख झाडत बसला.

सकाळी तो मधोमध उभा राहिला. तेलेस्फोर दाराशी, टोपी हातात घेऊन, आपल्याच घरात पाहुण्यासारखा. देलिमा आली. तिनं दोघांकडे पाहिलं आणि सरळ जाऊन ओविदपुढे गुडघे टेकले. मग ती म्हणाली, “बाबा, मी इथेच राहणार आहे. त्यासाठी आशीर्वाद द्या.”

त्या सकाळी मागितलेला आशीर्वाद बापानं नाकारला, असं आपल्या कोणत्याही घरात झाल्याचं मी ऐकलेलं नाही. नाकारणं म्हणजे शाप. ओविदचा हात वर गेला आणि तिथेच थांबला. चुलीवर दूध उतू गेलं, कोणी हललं नाही. शेवटी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्रूसाची खूण केली आणि आशीर्वाद म्हटला. पूर्ण म्हटला, एक शब्द गाळला नाही. मग गोठ्यात गेला आणि दुपारपर्यंत घोडीला खरारा करत राहिला.

जिंकले असं मी लिहिणार नाही. तुला मात्र तसंच वाटेल.

माझ्यावर लोभ नसू दे, पण राग त्याच्यावर काढू नकोस.

क्लारिस


सँ-प्रिम, दि. २५ जानेवारी १८८०

सौ. क्लारिसवन्सं यांस,

सा. न. वि. वि. मुलगी झाली. तुमचा टोमणा नेमका बसला.

ओविदवर ओरडले. तुमचं पत्र आधी वाचूनही ओरडले. त्यानं ऐकून घेतलं आणि लाकडं फोडायला गेला.

शब्द तुम्ही शिकवले नाहीत हे मी मानते. तुम्ही शिकवले असतेत तर इतके थोडे नसते. दिलेला आशीर्वाद मोडायला मी सांगणार नाही. देलिमा तुमच्याकडे राहील. पण ‘दिली’ असं पुन्हा लिहू नका. मी तेव्हा दिली नव्हती आणि आताही देत नाही. ती राहिली आहे. फरक तुम्हाला कळतो.

रोझानाचं लग्न ठरल्या दिवशीच होईल. तिच्यामागे सगळं कसं निभवायचं ते माझं मी पाहीन.

देलिमाच्या प्रश्नाला ओविदनं उत्तर दिलं नाही, ते मी देते. नसतो आलो. दर शरदात मी तिला आणायचं ठरवायची. दर शरदात पाळण्यात कोणीतरी असायचं, आणि पीठ वसंतापर्यंत पुरेल की नाही याची धास्ती. मग मी म्हणायची, तिथे ती पोटभर जेवते आहे. ती खरंच पोटभर जेवत होती, म्हणून ते म्हणणं मला सोपं गेलं.

एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असणार. तुम्ही ती लिहिली नाहीत. त्याबद्दल आभार मानत नाही. बाप हयात असताना आईकडे कोणी आशीर्वाद मागत नाही. म्हणून मी नवऱ्याचा हात पाठवला, आणि तिनं तोच मागून घेतला. माझ्याकडे तिला काही मागावंच लागलं नाही.

हे पत्र तिला वाचून दाखवू नका. तिच्या हातात द्या, आणि ती वाचत असताना त्या खोलीत थांबू नका.

कळावे. लोभ मागायचाच असेल तर तो आता मी तिच्याकडे मागायचा, तुमच्याकडे नाही.

एक्झिल्दा