दाराजवळची जागा

नारिन, बुधवार

माझी थोरली बहीण, माझी एजे, बुरुलचा हिला धाकट्या झूराचा आदराने सलाम. तुझे गुडघे, भावोजींची छाती आणि तुमच्या मेंढ्या खुशाल असतील असे धरून चालते. (नसतील तर औषध घ्या; मला कळवून बरे होणार नाही.)

माझी विद्यार्थिनी कुंदुज तुला ठाऊक आहे. कायद्याचे शेवटचे वर्ष, मांडीवर तान्हे मूल. मुलगी बाळंत झाली की पटावरून नाव कापायचे, ही आमच्या विद्यापीठाची जुनी खोड. मी जन्मभर उच्च शिक्षणातली समानता आणि तिचा कायदा शिकवला. निवृत्तीआधी ही खोड मोडायचीच म्हणून ठराव मांडला. मतदान सोमवारी. विरोधात कुलगुरू तोलोगोन, आणि त्यांच्यामागे माना डोलावणारे बाकीचे. म्हणून शनिवारी सगळ्यांना घरी जेवायला बोलावले. कुलगुरूंच्या आई सेइल आपा आल्या, कुंदुजही मुलासकट आली. आज बसायच्या जागा वयाने नाहीत, हुद्द्याने नाहीत, चिठ्ठ्यांनी ठरतील, असे मी जाहीर केले. दारापासून सर्वांत लांबची मानाची जागा निघाली कुंदुजला. दाराजवळची, म्हणजे धाकट्या सुनेची, चहा ओतायची जागा निघाली कुलगुरूंना!

त्यांनी जन्मात चहा ओतला नव्हता. उदार मनाने प्रत्येक वाटी काठोकाठ भरली. आपल्यात काठोकाठ वाटी म्हणजे 'प्या आणि चालते व्हा'. डीनसाहेब तर टोपी शोधू लागले. (मांस अजून चुलीवर होते, एजे!) तेवढ्यात आपा कडाडल्या, "अरे तोल्या, पाहुण्यांना हाकलतोस का? अर्धी ओत, अर्धी! तू पोटात होतास म्हणून माझं कॉलेज सुटलं. तेव्हापासून तुझ्या बापाच्या मित्रांना हेच ओतत आले. तुला एक संध्याकाळ जमेना, आणि या पोरीला जन्मभर इथं बसवायला निघालास?"

कुलगुरूंचे कान लाल. त्यांनी मापून अर्धी वाटी ओतली, उठून स्वतः कुंदुजपुढे ठेवली आणि म्हणाले, "घे बाई. तू तुझी परीक्षा दे. हा किटलीचा पेपर मात्र मला पुन्हा नको." सोमवारी पहिला हात त्यांचाच वर झाला. कुंदुज वर्गात आहे, मूल माझ्या टेबलावर रांगते आहे आणि मी ओरडायचे सोडून हसते आहे.

तुझी,
झूरा

ता.क. शुक्रवारी माझ्या निरोपाचे जेवण. तिथेही चिठ्ठ्याच, तत्त्व ते तत्त्व. तू यायचेच.

आणखी ता.क. चिठ्ठ्या तूच कर. दाराजवळच्या चिठ्ठीचा कोपरा जरा दुमडून ठेव, म्हणजे माझा हात तिकडे जाणार नाही. एवढ्या माणसांचा चहा कोण ओतणार!