आईची तयारी झाली असेल का?

नापोली, १९ ऑक्टोबर

प्रिय रोझालबाताई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या मानेला वेगळा नमस्कार. तोरिनोच्या वाऱ्यानं ती पुन्हा धरली का? मफलर घालतेस ना? भावोजींचं यकृत, मुलांची पोटं जागच्या जागी असतील अशी आशा आहे. इकडे माझा एकही अवयव जागेवर नाही.

दफनभूमीच्या कचेरीतून चिठ्ठी आली. पुरून ठरलेली वर्षं झाली, तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे येत्या गुरुवारी सकाळी आठला आईला थडग्यातून वर काढायचंय. हाडं स्वच्छ करून, कापडात गुंडाळून, पेटीत घालून बाबांच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवायची. घरचं कोणीतरी समोर उभं हवंच, म्हणजे मी. (तू नऊशे किलोमीटरवर राहतेस हे मी कोणाला टोचून सांगितलेलं नाही. फक्त शेजारणीला सांगितलं. आणि औषधवाल्याला.)

आईच्या मते धीर यकृतात असतो आणि मला यकृतच नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. घरात धीर म्हणून जो काही होता तो सगळा तुझ्या वाटणीला गेला. तुझ्या हुशारीवर खूश होऊन तुला ती "पायांत आहे पोरगी" म्हणून मिरवायची आणि माझं रडगाणं सुरू झालं की कंटाळून म्हणायची, "दूध गुडघ्यापर्यंत उतरलं गं माझं, आता पुरे!" मी नोकरीला लागले तेव्हा म्हणाली, "जा, चार अनुभव घे, हाडं घडवून ये." चोवीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली, ताई, पण हाडं काही घडली नाहीत. म्हणून म्हटलं, आधी थोडा सराव करावा. एउजेनियो खाटकाकडे गेले आणि एक मोठं हाड नुसतं बघायला मागितलं. "कुत्रा पाळलास की काय, लोरेदाना?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "नाही, आईसाठी." (पूर्ण वाक्य बोलायला हवं होतं.) त्यानं टोपी काढली, हळूच म्हणाला, "अगं, तिला जाऊन किती वर्षं झाली!" आणि मी त्याच्या काउंटरला धरून खाली बसले. साखरपाणी पाजून त्याच्या बायकोनं मला घरी पोचवलं. आता अख्खी गल्ली मला यकृताला चांगलं काय, ते सांगते आहे.

मग कापड घ्यायला गेले. दुकानदारीण म्हणाली, "चादर सिंगल देऊ की डबल?" मी म्हणाले, लहानच द्या, ती आता फार जागा घेणार नाही. त्या बाईनं दोन्ही चादरी घड्या करून ठेवल्या आणि स्वतःच डोळे पुसत बसली.

पण खरा घोर पुढेच आहे. दफनभूमीत थडगी खणणारे ग्राझियानोकाका भेटले. त्यांनी विचारलं, "पोरी, आई औषधं फार घ्यायची का?" गोळ्या खाणारी माणसं म्हणे मातीत लवकर विरत नाहीत. तयार नसतील, म्हणजे नुसती हाडं उरली नसतील, तर झाकण पुन्हा लावायचं आणि आणखी दोन वर्षं थांबायचं. "असली कठीण हाडं खूप बघितलीत मी," म्हणाले. ताई, आपली आई! सकाळी रक्तदाबाची, मग पोटाची, मग पोटाच्या गोळीपासून पोट वाचवायची, आणि वाया जाऊ नयेत म्हणून आपली उरलेली सगळी. शिवाय ती कधी वेळेवर तयार झाली आहे का? कानातलं सापडेपर्यंत चर्चमधली प्रार्थना आटोपलेली असायची. गुरुवारी ती तयार नसली, तर दोन वर्षांनी हे सगळं मला पुन्हा करावं लागेल. माझ्यात ती ताकद नाही. एकदाचं उरकलं की मी सुटले.

बाकी सगळं उत्तम. काळजी करू नकोस. एवढ्यासाठी तू धावत यायची मुळीच गरज नाही.

तुझी,
लोरेदाना

ता. क. कचेरीतल्या कागदावर 'हजर राहणारे नातेवाईक' या रकान्यात मी तुझं नाव लिहून आले आहे. सहीही केली, तुझ्याच वळणात. बुधवारच्या गाडीला मी फलाटावर असेन.

ता. क. २. उरकलं की सुटले, असं वर लिहिलंय ते खरं नाही. तिला अजून दोन वर्षं लागू देत, असंच मी रोज मागते आहे. कारण ती तयार असली तर ती पेटी मला उचलावी लागेल. ती किती हलकी आहे, हे मला एकटीला कळायला नको आहे.